जुना बॉयलर काढून हीट पंप: इंग्लंडमध्ये पहिलं घर घेतलेल्यांसाठी

बॉयलर बंद पडतो तो बहुतेक वेळा कडाक्याच्या थंडीत, कारण तेव्हाच त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण असतो. घरात लहान मूल, पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेले आईबाबा, बाहेर पारा शून्यावर. अशा वेळी जो गॅसवाला परवा येऊ शकतो त्याला आपण बोलावतो, आणि तो जो कॉम्बी बॉयलर सुचवेल त्याला हो म्हणतो. मग पुढची बारा-पंधरा वर्षं तोच बॉयलर आणि तेच गॅसचं बिल. म्हणून ज्यांचा बॉयलर जुना आहे पण अजून चालतोय, त्यांनी हीट पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणाऱ्या विजेच्या यंत्राचा, विचार आत्ताच सुरू करावा. पाहणी, कोटेशन, अनुदान आणि प्रत्यक्ष काम यांत दोन-तीन महिने सहज जातात. एप्रिल-मे ही सुरुवातीची चांगली वेळ.

खालचे नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंडचं अनुदान वेगळं, त्याबद्दल पुढे एक ओळ आहे. भाड्याच्या घरात हा निर्णय तुमचा नसतो. लीजहोल्ड फ्लॅट असेल तर फ्रीहोल्डरच्या, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाच्या, लेखी परवानगीशिवाय कुणाला पाहणीलाही बोलावू नका.

१. घरात काय आहे ते आधी ओळखा

भिंतीवर एकच पांढरा डबा आणि घरात गरम पाण्याची टाकी कुठेच नाही, तर तो कॉम्बी. नळ उघडला की पाणी तिथल्या तिथे तापतं. वरच्या मजल्यावर कपाटात तांब्याची टाकी आणि पोटमाळ्यावर पाण्याची आणखी एखादी टाकी असेल, तर ती जुनी पद्धत. काही घरांत हॉलमधल्या गॅसच्या शेकोटीमागे बॅक बॉयलर लपलेला असतो. तो निघाला तर फार उशीर न करता बदलायला घ्या, सुटे भागही आता सहज मिळत नाहीत.

आता बॉयलरच्या खालून बाहेर जाणारा बारीक प्लास्टिकचा पाइप शोधा. तो धुरातली वाफ थंड होऊन जमलेलं पाणी वाहून नेतो, म्हणजे बॉयलर कंडेन्सिंग जातीचा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवे गॅस बॉयलर साधारणपणे याच जातीचे बसवावे लागतात. असा पाइप नसेल तर तुमचा बॉयलर त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी, आणि गॅसमधली पाव ते तृतीयांश ऊर्जा सरळ धुराड्यातून बाहेर जात असावी.

टाकी असलेल्यांचं एक काम पुढे सोपं होणार आहे, कारण हीट पंपाला टाकी लागतेच. कॉम्बीवाल्यांना तिच्यासाठी जागा शोधावी लागेल.

२. बिलाचा हिशेब, भावनेशिवाय

हीट पंप विजेवर चालतो, पण विजेने पाणी तापवत नाही. मुंबईतला स्प्लिट एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो, हा तीच क्रिया उलटी करतो. बाहेरची हवा दोन अंशांवर असली तरी तिच्यात उष्णता असते. ती खेचून, दाबून, जास्त तापमानाला नेऊन तो पाण्याला देतो. म्हणून एक युनिट वीज घेऊन तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळू शकते. वर्षभराच्या सरासरीत हे जे गुणोत्तर पडतं त्याला एससीओपी म्हणतात, आणि सगळा खेळ त्या एका आकड्यावर आहे.

गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. उदाहरणादाखल धरू की वर्षाला १२,००० युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) गॅस लागतो आणि जुना बॉयलर त्यातला ८० टक्के कामी आणतो. म्हणजे घराला मिळालेली उष्णता ९,६०० युनिट. गॅस ६ पेन्स आणि वीज २६ पेन्स धरली तर गॅसचे झाले ७२० पौंड, वर स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर कितीही असला तरी भरावा लागणारा ठरावीक आकार, वर्षाला ११० च्या आसपास. एकूण साधारण ८३०.

आता हीट पंप, गॅस पूर्ण बंद केला असं धरून. एससीओपी ३ मिळाला तर ३,२०० युनिट वीज, म्हणजे ८३२ पौंड. बरोबरी. ३.५ मिळाला तर ७१३. आणि काम ढिसाळ होऊन २.५ वर अडकलं तर ९९८, म्हणजे आधीपेक्षा जास्त. “आमचं बिल निम्मं झालं” आणि “आम्ही फसलो” या दोन्ही गोष्टी ओळखीच्यांकडून ऐकू येतात. दोन्ही खऱ्या असू शकतात. यंत्र तेच असतं, बसवणं आणि चालवणं वेगळं असतं.

दर तीन महिन्यांनी ऑफजेमची (ही वीज-गॅसची सरकारी नियामक संस्था) किंमत-मर्यादा बदलते, त्यामुळे वरच्या हिशेबात तुमच्या बिलावरचे आकडे घाला. हीट पंपासाठी दिवसातले काही तास स्वस्त वीज देणारे दरही काही कंपन्यांकडे आहेत. मात्र मूळ हिशेब साध्या दराने करा, आणि स्वस्त तासांचा फायदा वरकमाई समजा.

३. पाणी किती गरम हवं याची चाचणी

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही, आणि हिला एक पैसाही लागत नाही.

बॉयलर रेडिएटरकडे जे पाणी पाठवतो त्याच्या तापमानाला फ्लो टेंपरेचर म्हणतात. बहुतेक घरांत ते ७०-७५ अंशांवर ठेवलेलं असतं, कारण बसवणाऱ्याने तसं ठेवलं आणि नंतर कुणी हात लावला नाही. हीट पंपाला एवढं गरम पाणी करायला आवडत नाही. फ्लो एक अंशाने खाली आला की कार्यक्षमता साधारण दोन-अडीच टक्क्यांनी सुधारते. ५५ अंशांवर रडतखडत चालणारं घर ४० अंशांवर आणता आलं तर वरच्या हिशेबातला २.५ चा आकडा ३.५ होतो.

तुमचं घर किती कमी तापमानाच्या पाण्यावर उबदार राहू शकतं, हे आताच्या बॉयलरवरच बघता येतं. कॉम्बीवर दोन वेगळी नियंत्रणं असतात: नळाचं चित्र असलेलं आणि रेडिएटरचं चित्र असलेलं. रेडिएटरचं ५० वर आणा. थंडीचा एखादा आठवडा निवडा. रेडिएटरवरचे सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि हीटिंग सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास न लावता दिवसभर चालू राहू द्या, थर्मोस्टॅट २० वर. रेडिएटरला हात लावला तर चटका बसणार नाही, कोमट लागेल. बिघाड समजून पुन्हा वाढवू नका. प्रत्येक खोलीत साधा थर्मामीटर ठेवा आणि कोणती खोली २० पर्यंत पोचत नाही ते लिहून काढा.

जिथे टाकी आहे आणि बॉयलरला एकच नियंत्रण आहे, तिथे ही चाचणी आपल्या आपण करू नका. साठवलेल्या पाण्यात लीजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून टाकीचं पाणी ६० अंशांपर्यंत जावं लागतं. ते ५० वर अडकवून ठेवणं धोक्याचं.

बहुतेक घरांत निकाल असा येतो: बेडरूम ठीक, हॉल जेमतेम, मागे वाढवलेलं स्वयंपाकघर किंवा उत्तरेकडची खोली गार. याचं कारण रेडिएटरच्या आकारात आहे. दुकानातल्या रेडिएटरवर जी क्षमता लिहिलेली असते ती सरासरी ७० अंशांच्या पाण्यासाठी असते. पाणी ४५ ने आत जाऊन ४० ने परत येत असेल तर त्याच रेडिएटरमधून जेमतेम एक तृतीयांश उष्णता मिळते. म्हणून हीट पंपाबरोबर काही रेडिएटर मोठे, म्हणजे दुहेरी-तिहेरी पत्र्याचे, घ्यावे लागतात. सगळे नाही. घर बांधलं तेव्हाचे रेडिएटर बरेचदा गरजेपेक्षा मोठे असतात, आणि मधल्या काळात दुहेरी काचा बसल्याने गरज आणखी घटलेली असते. गार खोल्यांची तुमची यादी इन्स्टॉलरच्या हातात द्या, पुढचं बोलणं नेमकं होतं.

हीट पंप घ्यायचा नाही असं ठरलं तरी ही चाचणी वाया जात नाही. कंडेन्सिंग बॉयलरला त्याच्या नावाप्रमाणे काम करायला परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली लागतं. फ्लो उतरवला की त्याच महिन्यात गॅस कमी जळतो.

४. भिंती आणि छत

इथे लवकर आटपू. पोटमाळ्यावर इन्सुलेशनचा थर २७० मिलिमीटर असावा, कमी असेल तर वाढवा. हे काम स्वस्त आहे आणि जमत असेल तर हातानेही होतं. फक्त छताच्या कडेला हवा खेळण्याची जागा बुजवू नका. दोन विटांच्या थरांमध्ये पोकळी असलेल्या भिंती भरून घेता येतात, मात्र पावसाचा मारा थेट बसणाऱ्या भिंतीत ओल शिरण्याचा धोका असतो, तिथे आधी तज्ज्ञाला दाखवा. व्हिक्टोरियन भरीव विटांचं घर असेल तर भिंतींना आतून-बाहेरून थर देणं खर्चिक आहे, आणि त्यावाचून हीट पंप अडतो असंही नाही.

फटी बुजवल्यावर एक गोष्ट आपल्याकडच्या घरांत हमखास होते. रोजची फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, आणि वाफेला बाहेर जायला वाट नाही. मग कोपऱ्यात काळी बुरशी. बाहेर हवा फेकणारा पंखा नीट चालतोय ना, ते इन्सुलेशनच्या आधी बघा.

५. कोटेशन: कुणाला बोलवायचं आणि काय विचारायचं

इन्स्टॉलर एमसीएस (हीट पंप वगैरे बसवणाऱ्यांची प्रमाणपत्र योजना) प्रमाणित हवा, नाहीतर अनुदान मिळत नाही. निदान तिघांना बोलवा. दारावर किंवा फोनवर “सरकारतर्फे फुकट बॉयलर” सांगत येणाऱ्यांना दारातूनच नमस्कार करा.

चांगला माणूस कसा ओळखायचा? तो प्रत्येक खोली मोजतो. भिंत कशाची, काच किती, खाली फरशी की लाकडी तक्तपोशी, हे लिहून घेतो आणि बाहेर उणे २-३ अंश असताना प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाईल ते काढतो. याला हीट लॉस कॅल्क्युलेशन म्हणतात. हा कागद मागून घ्या. दहा मिनिटं फिरून “तुम्हाला १२ किलोवॅट लागेल” म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. वर्षाला १२,००० युनिट गॅस लागणाऱ्या घराला तेवढा पंप सहसा लागत नाही, अशी बरीच घरं पाच-सहा किलोवॅटमध्ये भागतात. तुमचा कॉम्बी २४ किंवा ३० किलोवॅटचा आहे म्हणून हा आकडा लहान वाटेल. पण कॉम्बीला ती ताकद शॉवरचं पाणी क्षणात तापवण्यासाठी लागते, घर गरम करायला नाही. गरजेपेक्षा मोठा पंप सतत चालू-बंद होत राहतो, वीज खातो आणि लवकर झिजतो.

मी विचारेन ते प्रश्न असे. डिझाइन किती फ्लो टेंपरेचरला केलंय? उत्तर ४५ किंवा त्याखाली हवं, ५५ सांगितलं तर रेडिएटर बदलायचा कंटाळा केलाय असं समजा. कोणते रेडिएटर बदलणार? बफर टाकी, म्हणजे पंप आणि रेडिएटर यांच्यामधली पाण्याची जादा टाकी, कशासाठी? लहान-मध्यम घरात ती बहुतेकदा नको असते, गरम आणि थंड पाणी तिच्यात मिसळून कार्यक्षमता घसरते. घरातले पाइप ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक तांब्याचे असतील तर पुरेसं पाणी त्यांतून जाईल का? आणि शेवटचा: तुम्ही बसवलेल्या एखाद्या घराचा वर्षाचा एससीओपी दाखवता का? ज्याचं काम चांगलं असतं तो हा आकडा अभिमानाने दाखवतो.

किंमत घरागणिक बदलते. अनुदान वजा होण्याआधी एकूण खर्च १३ हजार पौंडांच्या आसपास असणं नेहमीचं आहे. नवा कॉम्बी दोन ते साडेतीन हजारांत होतो, तुलना त्याच्याशी करा.

६. जागा

बाहेरच्या यंत्राला मोकळी हवा लागते. दोन भिंतींच्या कोपऱ्यात, शेजाऱ्याच्या बेडरूमखाली ते ठेवलं की आवाजावरून कुरबुर ठरलेली. इंग्लंडमध्ये हद्दीपासून एक मीटर अंतर ठेवण्याची अट मे २०२५ अखेर काढून टाकली, त्यामुळे लहान बागेच्या, रांगेत एकमेकांना चिकटलेल्या (टेरेस) घरांची अडचण बरीच कमी झाली. आवाजाची अट मात्र कायम आहे, आणि वेल्सचे नियम वेगळे. संवर्धन क्षेत्रात किंवा लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून नोंदलेल्या, इमारतीत कौन्सिलला आधी विचारा. बऱ्याच नव्या पंपांत आर२९० म्हणजे प्रोपेन वायू असतो. पर्यावरणाला तो चांगला, पण ज्वलनशील असल्याने खिडक्या, दारं आणि गटाराच्या झाकणांपासून ठरावीक अंतर सोडावं लागतं.

आत टाकी. माणशी साधारण ५० लिटर धरा, म्हणजे चौघांना २०० च्या आसपास. भारतातून पाहुणे येऊन महिनोन् महिने राहत असतील तर २५० घ्या. कॉम्बीची सवय झालेल्यांना हे अवघड जातं: एकामागून एक चार जणांनी लांब शॉवर घेतला की टाकी रिकामी होते आणि पुन्हा तापायला तासभर किंवा अधिक लागतो. बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्या आजोबांचा प्रश्नच नाही.

ज्यांच्या घरी तांब्याची जुनी टाकी आहे त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवते. नवी टाकी इतकी झाकलेली असते की तिचं कपाट गरम राहत नाही. इडलीचं पीठ आंबवायची जागा गेली.

विजेची बाजू इन्स्टॉलर बघतो. मुख्य फ्यूज पुरेसा आहे का, आणि तुमची वीज शेजारच्या घरातून लूप होऊन येते का, हे मीटरपाशी बघून तो वीजवाहिनी कंपनीला कळवतो. लूप निघाला तर तो सोडवून घेण्यात काही आठवडे जातात. म्हणून ही पाहणी पहिल्याच भेटीत करून घ्या.

७. अनुदान

बॉयलर अपग्रेड स्कीम २०२२ मध्ये सुरू झाली, ती ऑफजेम चालवते. हवेवर चालणाऱ्या हीट पंपाला ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंड मिळतात. पैसे तुमच्या हातात येत नाहीत. इन्स्टॉलर अर्ज करतो आणि रक्कम बिलातून वजा करतो. तुमचं काम एवढंच की ऑफजेमकडून खात्री करण्यासाठी येणाऱ्या ईमेलला वेळेत उत्तर द्यायचं. तो स्पॅममध्ये गेलेला असतो, शोधा. कोटेशनवर अनुदानाआधीची आणि नंतरची अशा दोन्ही रकमा लिहिलेल्या असाव्यात.

गॅस बॉयलर ठेवून सोबत हीट पंप, अशा हायब्रिड मांडणीला ही योजना पैसे देत नाही. आधी इन्सुलेशन पूर्ण करण्याची अट होती, ती मे २०२४ मध्ये गेली. ३१ मार्च २०२७ पर्यंत या कामावर व्हॅट शून्य आहे, कोटेशनवर २० टक्के लावलेला दिसला तर विचारा. स्कॉटलंडमध्ये होम एनर्जी स्कॉटलंडकडून ७,५०० चं अनुदान आणि तेवढंच बिनव्याजी कर्ज मिळू शकतं, पण मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी काम सुरू केलं तर काही मिळत नाही.

८. बसवण्याचा आठवडा

तीन ते पाच दिवस धरा. त्यातले एक-दोन दिवस गरम पाणी नसतं, घरात बाळ असेल तर शेजारच्यांशी बोलून ठेवा. गॅसचं कनेक्शन तोडण्याचं काम गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्यानेच करायचं. त्याच्याकडे ओळखपत्र असतं, ते मागायला संकोच नको. जुन्या पाइपांमधला गाळ धुऊन काढणं आणि चुंबकीय फिल्टर बसवणं कोटेशनमध्ये होतं ना, ते प्रत्यक्ष झालं का बघा. जुन्या घरात धुराड्याभोवती किंवा टाकीच्या कपाटात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तसा संशय आला तर काम थांबवू द्या, कुणालाही तिथे ड्रिल लावू देऊ नका.

निघण्याआधी त्यांच्याकडून तीन गोष्टी घ्या: एमसीएस प्रमाणपत्र, वॉरंटीची नोंदणी आणि वेदर कॉम्पेन्सेशन चालू करून दिल्याचा पुरावा, म्हणजे स्क्रीनवर दाखवून. यात बाहेरच्या तापमानानुसार फ्लो आपोआप बदलतो. बाहेर उणे दोन असेल तर ४५, बाहेर बारा असेल तर तीस-बत्तीस.

९. पहिला हिवाळा

बॉयलरची सवय अशी की थंडी वाजली की लावला, उकडलं की बंद. हीट पंप असा चालवला की घर तापत नाही आणि बिल मात्र तापतं. त्याला मंद आचेवर चालू राहू द्या. रात्री फार तर एक-दोन अंश उतरवा. वापरात असलेल्या खोल्यांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा. पाणी वाहायला जितकी मोकळी जागा, तितका पंप खूश.

मग दर काही दिवसांनी वेदर कॉम्पेन्सेशनची रेषा, म्हणजे बाहेर किती अंश असताना किती फ्लो हे ठरवणारी सेटिंग, एकेक पायरी खाली आणा. घर किंचित गार वाटू लागलं की एक पायरी वर, आणि तिथेच ठेवा. हे काम इन्स्टॉलर करत नाही, त्याला तुमच्या घरात राहायचं नसतं. दोन-तीन आठवड्यांच्या या चाळ्यातून जी बचत होते ती महागडं मॉडेल घेऊनही होत नाही.

टाकीचं पाणी ४८-५० अंश पुरेसं, आठवड्यातून एकदा ६० वर नेण्याची सोय यंत्रातच असते, ती बंद करू नका. पाणी दुपारी तापवा, बाहेरची हवा तेव्हा उबदार असते. दमट थंडीत बाहेरच्या यंत्रातून अचानक वाफेचे लोट निघतील, तो धूर नव्हे. यंत्रावर जमलेला बर्फ वितळवायला पंप थोडा वेळ उलटा चालतो.

१०. गॅसच्या मीटरचं काय?

हीट पंप बसला तरी गॅसची शेगडी ठेवता येते. पण मग वर्षाचा स्टँडिंग चार्ज, वरच्या हिशेबातले ते ११० पौंड, फक्त शेगडीसाठी भरत राहणार. इंडक्शनवर पोळ्या उत्तम होतात, सपाट तळाचा लोखंडी तवा चालतो. फुलका आणि भाकरी थेट आचेवर फुगवणाऱ्यांची, वांगं भाजणाऱ्यांची अडचण खरी आहे. काही जण त्यासाठी बागेत छोटा सिलिंडर ठेवतात. माझा सल्ला: पहिला हिवाळा दोन्ही ठेवा. स्वयंपाकघरात ज्याचा हात चालतो त्याला ठरवू द्या, आणि काढायचं ठरलं तर पुरवठादाराला फोन करून कनेक्शन बंद करण्यासोबत मीटर काढायलाही सांगा. त्याचे पैसे पडतील का, हे त्याच फोनवर विचारा.